आधी कोणती बाजू टेकवायची

कारखान्यात त्यांना बारीकताई म्हणत. अंगाने त्या मुळीच बारीक नव्हत्या; पण कुठल्याही कामातली बारीक खोट त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर होते. उभं आयुष्य भोकं पाडण्यात गेलेला माणूस; सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांनी पाडलेली भोकं बरोबर जागी आहेत की नाहीत, ते बारीकताईंनी तपासायचं, असा तो मामला होता. लोक चेष्टा करायचे, तेव्हा मास्तर म्हणायचे, "बायको चुका काढते यात नवीन काय? सगळ्यांच्याच काढतात. माझी फक्त मशीन लावून काढते."

मोजणीची खोली कारखान्याच्या एका टोकाला, दुहेरी दारामागे होती. बाहेर तेलाचा वास आणि लोखंडाचा कलकलाट. आत गारठा आणि शांतता. गरम झालेली वस्तू फुगते आणि मोजमाप चुकतं, म्हणून तिथला एसी कधी बंद होत नसे, आणि बारीकताई बारा महिने स्वेटर घालून बसत. खोलीच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारी कमान, आणि कमानीतून खाली आलेली एक काडी. काडीच्या टोकाला माणकाचा मणी. तो मणी वस्तूला जिथे टेकेल, ती जागा मशीन टिपून घेई. भोकाच्या आतल्या कडेला चार-सहा ठिकाणी टेकवला की भोकाचा मध्य नेमका कुठे आहे ते पडद्यावर येई. ड्रॉइंगमध्ये त्या मध्यासाठी एक इवलंसं वर्तुळ दिलेलं असे. दोन-तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढ्याच रुंदीचं. मध्य त्या वर्तुळात पडला तर माल पास. बाहेर गेला तर नापास, मग तो मास्तरांचा असो की आणखी कोणाचा.

त्या दिवशी सकाळी बारीकताई आल्या तेव्हा दाराशी माल घेणाऱ्या कारखान्याकडून परत आलेलं एक लाकडी खोकं ठेवलेलं होतं. आत प्लेटा होत्या, बारीकताईंच्याच कारखान्यात झालेल्या. रुग्णवाहिकेत स्ट्रेचर जागेवर धरून ठेवणारं एक कुलूप असतं, त्या कुलपाची ही तळाची प्लेट. तिच्यात चार भोकं. ती चार पिनांवर अलगद बसायला हवी. खोक्यावर चिठ्ठी होती: काही प्लेटा पिनांवर बसत नाहीत.

बारीकताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. स्वेटर घालायचाही राहून गेला.

क्वालिटीचे साहेब थोड्या वेळाने आले. वयाने त्यांच्यापेक्षा लहान, तोंडाने गोड. आवाज चढवणारा माणूस नव्हता, म्हणूनच त्यांचं गप्प राहणं जास्त झोंबायचं.

"ताई, या सगळ्या तुम्ही पास केलेल्या."

"हो."

"आणि ड्रिलिंग मास्तरांचं."

"हो."

साहेबांनी एक प्लेट उचलून उजेडाकडे धरली, जणू भोकांतून काही दिसणार होतं, आणि परत ठेवली. जाताना म्हणाले, "उद्या त्या कारखान्याच्या इन्स्पेक्टर बाई येताहेत. तोवर पुन्हा एकदा मोजून ठेवा."

साहेब बोलले नाहीत ते जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बोलले. बारीकताई हात धुवायला गेल्या तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "घरचाच परीक्षक आणि घरचाच विद्यार्थी. नापास कोण करणार?" कोणीतरी हसलं. बारीकताईंनी नळ जोरात सोडला. आपण इथे आहोत हे त्यांना कळावं म्हणून, की पुढचं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारभर त्या मोजत बसल्या. आधी मणी पुसला. मग मशीनच्या तपासणीसाठी ठेवलेला गुळगुळीत गोळा मोजून पाहिला, तो बरोबर आला. खोलीचं तापमान पाहिलं, ते बरोबर. मग एकेक प्लेट टेबलावर ठेवली. पडद्यावर हिरवं. दुसरी, हिरवं. खोक्यातून मुद्दाम लाल खूण केलेल्या, म्हणजे पिनांवर अडलेल्या प्लेटा उचलल्या. त्याही हिरव्या.

खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं उलटंच. पिना म्हणतात बसत नाही, मशीन म्हणतं बरोबर आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि पिनांना खोटं बोलून काय मिळणार?

मग मनात पाल चुकचुकली ती वेगळीच. मास्तरांचा एखादा नग पास-नापासच्या काठावर आला की त्या तो पुसून पुन्हा मोजत. कडेला कचरा राहिला असेल, एखादं कुसळ असेल. ही रीतच होती, सगळ्यांच्या मालाला तीच. पण खरंच सगळ्यांच्या? लेथवरच्या एका पोराने केलेली बुशिंग, म्हणजे लोखंडी नळकांडी, काठावर आली, ती आपण पुसली होती का, की सरळ बाजूला टाकली? त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. जे आठवत नाही त्याची खात्री कशी द्यायची?

घरी दोघं बसने एकत्रच यायचे. त्या संध्याकाळी शेजारी बसूनही बोलले नाहीत. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, बारीकताई मास्तरांच्या हातांकडे. अंगठ्याजवळची ती जुनी जखम, नखांत कायमचं बसलेलं तेल. या हातांनी चुकीचं भोक पाडलं असेल, असं त्यांना वाटेना. मग चूक माझी. आणि माझी नसेल तर या हातांची. तिसरं कोणी नव्हतंच.

घरात सासूबाई टीव्हीसमोर. त्यांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

"वाजलंय का तुमचं?"

"नाही हो आई," बारीकताई म्हणाल्या.

"मग वाजवून घ्या. असं कुढत बसलात तर मला जेवण जायचं नाही."

मास्तर हसले नाहीत. जेवताना फक्त एकदा विचारलं, "पुन्हा मोजल्यास?"

"मोजल्या. सगळ्या पास."

"मग झालं तर."

"झालं कसं? त्या बसत नाहीत ना."

मास्तरांनी ताट पुढे सरकवलं आणि उठले. मोरीत हात धुताना पाठमोरे म्हणाले, "माझे होल बरोबर आहेत." ते स्वतःलाच सांगितल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर बाई आल्या. चष्मा, पाठीवर पिशवी, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. बारीकताईंनी मनात एक खाष्ट बाई रंगवून ठेवली होती, ही तर आल्या आल्या म्हणाली, "किती छान गार आहे इथे." मग प्लेट टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही नेहमी मोजता तसंच मोजा. मी नुसती बघते."

कोणी नुसतं बघत असलं की रोजचा हातही अवघडतो. बारीकताईंनी आधी मणी प्लेटेच्या सपाट पाठीला टेकवला. मग लांब बाजूला दोन ठिकाणी. मग आखूड बाजूला एकदा.

"एक मिनिट," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "लांब बाजू आधी का घेतलीत?"

"ड्रॉइंगच्या चौकटीत क्रम दिलेला असतो ना. ए, बी, सी. त्याच क्रमाने टेकवायचं. ए म्हणजे पाठ, बी म्हणजे लांब बाजू..."

"बी कुठे लिहिलंय?"

बारीकताईंनी ड्रॉइंगवर बोट ठेवायला हात पुढे केला. बोट लांब बाजूवर गेलं. तिथे सी होतं. बी आखूड बाजूला होतं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. अक्षरं जागची हलली नाहीत.

जुन्या ड्रॉइंगमध्ये बी लांब बाजूलाच होतं, वर्षानुवर्षं. मध्ये कधीतरी नवीन ड्रॉइंग आलं. त्यावरच्या चौकटीत तेच ए, बी, सी, त्याच क्रमाने. बारीकताईंनी चौकट पाहिली, काही बदललेलं नाही म्हणून मशीनचा जुनाच प्रोग्रॅम चालू ठेवला. पण बदल चौकटीत नव्हताच. अक्षरांनी चौकटीबाहेर, प्लेटेच्या चित्रावर, बाहेरच्या बाहेर जागा बदलली होती.

ज्याला या कामाची सवय नाही त्याला वाटेल, आधी ही बाजू काय आणि ती काय, काय फरक पडतो? पण खोलीच्या दोन भिंती एकमेकींशी अगदी काटकोनात नसल्या की काय होतं? एका भिंतीला सरळ लावलेलं कपाट दुसऱ्या भिंतीशी तिरकं दिसतं. इथेही तेच. ज्या प्लेटेच्या दोन बाजू काटकोनात होत्या ती पिनांवर बसत होती. जिची आखूड बाजू जराशी कलती कापली गेली होती, तिची चारही भोकं लांब बाजूशी सरळ आणि आखूड बाजूशी तिरकी होती. आणि तिकडच्या कारखान्यात प्लेट टेकत होती ती आखूड बाजूवर.

इन्स्पेक्टर बाईंनी क्रम बदलायला सांगितला. बारीकताईंनी बदलला. पडद्यावर लाल आलं. पुढच्या प्लेटेला हिरवं, मग पुन्हा लाल, पुन्हा लाल.

"ताई, बसा जरा," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

"मला एक सांगा. न बसणारी एखादी प्लेट तुमच्याकडे कोणी जबरदस्तीने बसवली का? ठोकून, घासून?" बारीकताईंनी उभ्यानेच विचारलं.

इन्स्पेक्टर बाईंनी हातातलं ड्रॉइंग गुंडाळलं. मग म्हणाल्या, "एका माणसाने काही प्लेटांची भोकं कानशीने वाढवून बसवली. त्या सापडल्या, काढल्या. एक मात्र गाडीत लागून बाहेर गेली. ती गाडी परत बोलावली आहे."

"परत आली?"

"अजून नाही. कुठल्याशा रुग्णाला घेऊन लांब गेली आहे."

त्या एका वाक्याने बारीकताईंची बाकी सगळी भीती लहान होऊन गेली. लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, हे सगळं मागे पडलं. वळणावर एक गाडी दिसू लागली, आत एक स्ट्रेचर, त्यावर कोणाचा तरी बाप नाही तर बहीण, आणि खाली ढिल्या भोकांवर उभं राहिलेलं कुलूप.

दुपारी मोठ्या साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मोठे साहेब, क्वालिटीचे साहेब, इन्स्पेक्टर बाई, आणि टोपी हातात घेऊन उभे मास्तर. बारीकताईंना खुर्ची दिली होती, पण मास्तर उभे, म्हणून त्याही उभ्याच राहिल्या.

"मास्तर," मोठे साहेब म्हणाले, "प्लेट ड्रिलिंगला लावताना कुठे टेकवता?"

"लांब बाजूला."

"नवीन ड्रॉइंग आल्यावरसुद्धा?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

मास्तरांनी बारीकताईंकडे पाहिलं नाही. "सांगायला कोण पाहिजे साहेब? इतकी वर्षं करतोय. माझं मीच ठरवलं."

बारीकताईंनी चमकून मास्तरांकडे पाहिलं. कारण ते खरं नव्हतं. मास्तर तसे कामात दक्ष. नवीन ड्रॉइंग आलं त्या दिवशी ते मोजणीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते. तेलाचे बूट घालून आत यायला बंदी, म्हणून दारातूनच त्यांनी विचारलं होतं, "टेकवायची कुठे? काही बदललंय का?" आणि बारीकताई मान वर न करता म्हणाल्या होत्या, "नेहमीसारखंच." हे मास्तरांनाही आठवत होतं. कालच्या बसमध्ये, ताटावर, मोरीपाशी, सगळीकडे आठवत असणार.

"साहेब," बारीकताई म्हणाल्या. "यांनी मला विचारलं होतं. मीच सांगितलं, नेहमीसारखंच. मी चौकट पाहिली, अक्षरं कुठे आहेत ते पाहिलं नाही. प्रोग्रॅमही मीच बदलला नाही."

मोठ्या साहेबांनी पेन टेबलावर उभं केलं, आडवं केलं. "दोघंही बाहेर थांबा," ते म्हणाले.

बाहेर एक लाकडी बाक होतं. दोघं दोन टोकांना बसले.

"तुला गप्प बसता येत नाही का?" मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. रागाने त्यांची मान लाल झाली होती. "माझ्यावर गेलं असतं. म्हातारा ड्रिलवाला, चुकला, संपलं. घरातलं एक माणूस तरी कामावर राहिलं असतं. आता दोघांचं गेलं."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"घर चालवायला."

"आणि मी रोज त्या खोलीत जाऊन काय मोजलं असतं हो? माझी चूक तुम्हाला चिकटवून, दुसऱ्यांच्या चुका?"

मास्तरांनी टोपी बाकावर ठेवली, दोघांच्या मध्ये. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते पुटपुटले. "अक्षर डोळ्यांसमोर होतं, आणि तू पुसत बसलीस मणी."

हसू यायची ती वेळ नव्हती, तरी बारीकताईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि लगेच त्यांना रडू फुटलं. मास्तर घाबरून इकडेतिकडे बघू लागले. बायकोला असं चारचौघांत रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, गाडी येईल परत," ते म्हणाले. गाडीचं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. कारखान्यात भिंतींना कान असतातच.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. उद्या या, एवढंच सांगितलं. सकाळी बारीकताई कामावर आल्या त्या थेट क्वालिटीच्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. त्यांनी नोकरीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "गाडी?"

"आली," साहेब म्हणाले. "रात्रीच आली म्हणे. कुलूप धरून होतं. प्लेट काढली." आणि मग, या दोन दिवसांत पहिल्यांदाच, "बसा ताई. पाणी घ्या."

पुढचं सगळं मानाने सोपं होतं, म्हणजे जीवघेणं नव्हतं. उरलेल्या प्लेटा दोघी बायकांनी मिळून नव्या क्रमाने मोजल्या. इन्स्पेक्टर बाईंनी ड्रॉइंगवरचं आणखी एक चिन्ह दाखवलं, वर्तुळातलं एम. भोक ठरल्यापेक्षा जरा मोठं असेल तर त्याच्या मध्याला तेवढी सूट जास्त, कारण पिन तरीही आत जाईल, असा त्याचा अर्थ. बारीकताईंना तो ठाऊक होता, पण आता कशाचीच खात्री न वाटून त्यांनी दोनदा विचारून घेतला. त्या सवलतीने काठावरच्या बऱ्याच प्लेटा वाचल्या. उरलेल्या भंगारात गेल्या. मास्तरांनी नवीन टेकणी लावून, आखूड बाजूला घट्ट टेकवून, सगळा माल पुन्हा काढला. रविवारीही आले. बारीकताईंनी तो मोजला, आणि क्वालिटीच्या साहेबांनी शेजारी उभं राहून पाहिला.

नोकऱ्या दोघांच्याही राहिल्या. पण मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. पण नवऱ्याचं काम बायकोने तपासणं यापुढे नको. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मास्तरांना आम्ही मिलिंगला देतोय. ड्रिलिंगवर दुसरा माणूस येईल."

मास्तरांना ते लागलं. ड्रिलिंग मशीनचा आवाज बदलला तरी त्यांना भोक पाडणारं बिट कुठे बोथटलं ते कळायचं. त्या मशीनवरून उठून म्हातारपणी नवीन शिकायचं. तरी ते डबा, रुमाल आणि स्वतःची जुनी कानस घेऊन पलीकडच्या सेक्शनला गेले.

बारीकताईंची धाकधूक मात्र गेली नाही. ड्रॉइंग आलं की आधी चौकट, मग प्रत्येक अक्षर कुठल्या बाजूला आहे ते बोट ठेवून वाचायचं, मग ड्रिलिंगच्या माणसाला बोलावून त्याच्याकडून वाचून घ्यायचं. शंका आली की थेट तिकडे फोन. इन्स्पेक्टर बाई एकदा हसून म्हणाल्या, "ताई, तुमचा फोन आला की मला कळतं, नवीन ड्रॉइंग पोचलं."

एका संध्याकाळी जेवायला बसल्यावर बारीकताईंनी विचारलं, "मिलिंगला तुम्ही काय करता हो सध्या?"

"प्लेटांच्या बाजू कापतो."

"कुठल्या बाजू?"

"आधी लांब कापून येते. मी आखूड मारतो. काटकोनात." मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांच्याही लक्षात आलं.

ज्या बाजूवरून भोकांची जागा मोजायची, ती बाजूच आता मास्तर कापत होते. ती कलती गेली तर दुसऱ्या माणसाचं बरोबर भोकही चुकीचं ठरणार. मोठ्या साहेबांनी नवऱ्याला बायकोच्या मशीनपासून दूर नेलं होतं ते असं, की आता सगळी मोजणी त्याच्यापासून सुरू व्हावी.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई," मास्तर म्हणाले.

"सांगावं लागेल साहेबांना," बारीकताई म्हणाल्या.

"सांग," मास्तर म्हणाले. "मला आता तिसऱ्या सेक्शनला टाकतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. क्वालिटीच्या साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी ठरलं की मिलिंगहून येणारी प्रत्येक आखूड बाजू ड्रिलिंगला जाण्याआधी दुसऱ्या एका माणसाने काटकोनाची पट्टी लावून तपासायची आणि आपली सही करायची. मास्तर मिलिंगवरच राहिले.

त्या सहीची पहिली प्लेट टेबलावर आली तेव्हा बारीकताईंनी स्वेटरची बटणं लावली, ड्रॉइंग उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. बी, आखूड बाजू. मग मणी खाली आणला. पाठ, आखूड बाजू, लांब बाजू आणि चारही भोकं टेकवून झाल्यावर त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

हिरवं होतं. त्यांनी प्लेट उचलली, पुसली, आणि पुन्हा एकदा मोजली.